पत्राखालची माझी अक्षरं

पेढा वरून पडला. माझ्या तळहातावर, वीतभर उंचीवरून. माझ्याआधी ऑफिसातल्या पाच जणांना सुधीरच्या आईने पेढा हातात दिला होता. माझ्यापाशी येऊन विचारलं, "ही कोण रे?" सुधीरने माझं नाव सांगितलं, आडनावासकट. आम्ही बौद्ध. आडनावावरून कळतं. बाईंचा हात थांबला, मग जरा वर गेला, आणि बोटं सुटली.

सुधीर शेजारीच होता. त्याने सगळं पाहिलं. आणि हसून म्हणाला, "आमची टायपिस्ट. मी सांगतो ते ही टाइप करते, बस्स."

सुधीर ऑफिसर झाला होता, त्याचे हे पेढे. पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. पिंपरीतल्या एका कारखान्याचं ऑफिस. मी बावीस वर्षांची, रोज काळेवाडीहून चालत यायचे.

तेव्हा ऑफिसातल्या प्रेमाचे सिनेमे जोरात होते. हिरो कारकून, हिरोइन टायपिस्ट. बसस्टॉपवर ओळख, कॅन्टीनमध्ये चहा, शेवटी बढती आणि लग्न. रविवारी सुधीर आणि मी पुण्याला जाऊन बघायचो. तो आधी आत जायचा, मी दिवे गेल्यावर. परतताना तो एक स्टॉप आधीच उतरायचा. ओळखीचं कुणी बघेल म्हणून. अंधारात कानाशी म्हणायचा, "ही आपलीच गोष्ट आहे." मी विरघळायचे. डोळे फुटले होते माझे, दुसरं काय!

सुधीर पत्रव्यवहार बघायचा. इंग्रजी यथातथाच. गिऱ्हाइकाची तक्रार आली की त्याला घाम फुटायचा. मग उत्तर मी वहीत लिहायचे, मीच टाइप करायचे, आणि मोठ्या साहेबांकडे ते सुधीरचं म्हणून जायचं.

आमच्याकडे एक रीत होती. पत्राच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, मजकूर सांगणाऱ्याच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं मोठी घालायची. मग तिरपी रेघ. मग टाइप करणाऱ्याची, छोटी. नोकरी लागली तेव्हा पहिल्या पत्राची बिघडलेली कार्बन कॉपी मी घरी नेली. बाप फाउंड्रीत कामाला, त्याला वाचता येत नव्हतं. बोट ठेवून दाखवलं, "आबा, ही अक्षरं माझी." त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. आठवडाभर शिफ्टमधल्या माणसांना दाखवत फिरला. "माझ्या लेकीचं नाव हाय, कंपनीच्या कागदावर."

एक दिवस सुधीर म्हणाला, "तुझी अक्षरं घालू नकोस. लोक आपली नावं जोडतील. बढती झाली की मी आपल्याबद्दल घरी सांगतोच."

मी काढून टाकली. माझ्या हाताने. दोन वर्षं सगळ्या पत्रांखाली त्याची एकट्याची अक्षरं. मला वाटलं, प्रेमात एवढं चालतं.

सिनेमातल्या टायपिस्टला आडनाव नसतं हो. कधी ऐकलंय? नुसतं गोड नाव असतं. म्हणून तिचं लग्न होतं. हे मला तो पेढा हातावर पडला तेव्हा कळलं. मी तो खाल्ला नाही, टेबलावर ठेवला आणि घरी आले.

आबाला सगळं सांगितलं. पेढ्याचं ऐकून तो पडूनच राहिला. त्याला त्याचं नवल नव्हतं. अक्षरांचं सांगितलं तेव्हा मात्र उठून बसला.

"तूच पुसलीस?"

"व्हय."

"भट्टीम्होरं उभा ऱ्हाऊन तुला शिकीवलं, ते अक्षरं पुसाया न्हाई."

एवढंच बोलला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. मला सुधीरच्या आईच्या पेढ्यापेक्षा ते जास्त लागलं. सुधीरने मला फसवलं, आणि मी आबाला.

दुसऱ्या दिवशी सुधीर माझ्या टेबलापाशी आला. "आई जुन्या वळणाची आहे गं. मनावर घेऊ नकोस. ते तक्रारीचं उत्तर दुपारपर्यंत दे."

"सांगा."

"काय सांगू?"

"तुम्ही सांगता ते मी टाइप करते ना? सांगा."

आजूबाजूची मशीनं थांबली. त्याला सांगावंच लागलं. अर्धी वाक्यं, चुकलेले काळ, एकच गोष्ट तीनदा. मी शब्दन् शब्द तसाच टाइप केला. खाली त्याची अक्षरं, तिरपी रेघ, माझी अक्षरं.

तासाभरात मोठ्या साहेबांनी दोघांना बोलावलं. "हे काय लिहिलंय?"

सुधीर पटकन म्हणाला, "सर, हिने चुकवलं."

दोन वर्षांत त्याने माझ्याबद्दल साहेबांना सांगितलेलं हे पहिलं वाक्य. मी माझी वही टेबलावर ठेवली. सगळे मसुदे, माझ्या अक्षरात, खाडाखोडीसकट. साहेबांनी चार पानं उलटली. त्यांना कळलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग वही मिटून माझ्याकडे सरकवली. "बरं, बरं. आपसात मिटवा."

मी मिटवलं नाही.

सुधीरची जुनी जागा रिकामी झाली होती. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्यासाठी अर्ज टाइप केला. पूर्ण नाव, आडनावासकट. सोबत वही जोडली. तळाशी रेघेच्या दोन्ही बाजूंना माझीच अक्षरं. टाइप करणाऱ्याची छोटी घालायची रीत. मी दोन्हीकडे मोठी घातली.

कार्बन कॉपी आबासाठी घडी करून ठेवली. जागा देतील, न देतील. पण आता माझ्या डोक्यातून निघालेला एकही कागद दुसऱ्याच्या नावावर ह्या दारातून बाहेर जाणार नाही.