हिराताईच्या चेहऱ्यावरची हळद

मी, दत्ताराम गणू पाटील, वय वर्षे एक्याण्णव, शिक्षण मराठी चौथी, राहणार अंबरनाथ पूर्व, कारखान्यातून फिटर म्हणून सेवानिवृत्त, कोणाच्याही दडपणाविना पुढील हकीकत सांगत आहे. टाइप करण्याचे काम नात करीत आहे... शुद्धलेखन मात्र मी स्वतः तपासले आहे.

परवा नातीने तिच्या आईसाठी एक लहान बाटली आणली. वय दिसू नये म्हणून चेहऱ्याला लावावयाचे सीरम. त्यात कोरफड आणि हळद यांचा अर्क आहे, असे तिने वाचून दाखविले आणि तेव्हापासून मला चैन नाही... खोलीतून बाल्कनीत आणि बाल्कनीतून खोलीत माझ्या फेऱ्या सुरू आहेत.

सन पन्नास उलटून चार-पाच वर्षे झाली असतील. आम्ही अंबरनाथजवळच्या चिखलोली गावी राहत होतो. वडील वारले होते, मी नुकताच कारखान्यात लागलो होतो आणि भातशेती माझी थोरली बहीण हिराताई एकटी पाहत होती. उन्हाने तिचा चेहरा रापला होता, डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. वय अवघे तेवीस... परंतु दोन स्थळे तिला पाहून परत गेली होती.

तिसरे स्थळ बदलापूरचे होते. मध्यस्थ पांडूमामांनी मुलीचे वय अठरा असे परस्पर सांगून टाकले. आता ते अठरा दिसावे कसे, या चिंतेने आईची अन्नावरची वासना उडाली.

उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पात, बराकीत राहणाऱ्या मोहिनीबाई नावाच्या सिंधी गृहिणी घरीच क्रीम बनवून विकत. कोरफडीचा गर, बदामाचे तेल आणि मेण, एवढाच मसाला. आमच्या बांधावरची कोरफड मी त्यांना सायकलवरून पोहोचवीत असे. त्यांनी एक डबी मला दिली आणि मुलाला सांगावे तसे बजावले, "पुट, इसमें और कुछ मत मिलाना."

मी तो निरोप घरी जसाच्या तसा सांगितला. परंतु पांढऱ्या क्रीमवर आईचा विश्वास बसेना. कोरफड झाली, मग हळद का नको, असा तिचा सवाल... तिने घरची हळद मूठभर कालवली आणि पाहुणे येण्याच्या आदल्या संध्याकाळीच ताईच्या तोंडाला थापली. सकाळी पाहतो, तर ताई कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळीधमक. डाळीचे पीठ लावून घासले, चिंच लावून घासले. तेलात मुरलेला रंग तसूभर हलला नाही.

आमच्यात मुलीच्या अंगाला अशी हळद एकदाच लागते, ती लग्न ठरल्यावर. पाहुणे तर वाटेवर होते. मी अंगणात इतक्या येरझारा घातल्या, की शेवटी आई म्हणाली, बैस, नाहीतर तुलाच दाखवायला बसवते.

मंडळी आली. मुलगा रामभाऊ, त्यांच्या चंद्राआत्या आणि पांडूमामा. ताई चहा घेऊन बाहेर आली मात्र... आत्याबाई पाटावरून उठल्याच.

"या पोरीला तं हलद लागलीय. दुसरीकरं जमवलंय, तं आम्हाला कशाला बोलावलं?"

पांडूमामा छपराकडे पाहू लागले. माझा स्वाभिमान दुखावला. मीही उठलो आणि पाहुण्यांच्या चपलांकडे बोट दाखविण्याच्या बेतात होतो.

ताईने कपबश्या खाली ठेवल्या. "आत्या, ही हळद कोणाच्या नावाची नाही. वय कमी दिसावं म्हणून लावली. मी तेवीस वर्षांची आहे. शेतात राबून तोंड असं झालंय, ते काही लेपानं बदलायचं नाही."

आत्याबाईंनी तांब्यात पदर भिजवला, ताईला जवळ ओढले आणि तिचा गाल खसाखसा पुसला. पदराला जरासुद्धा पिवळेपणा आला नाही. त्यांनी रामभाऊंकडे पाहिले. ते खाली मान घालून हसत होते.

"हलद काय जाईत नाही," आत्याबाई म्हणाल्या. "मंग ती आमचेच नावाची समजू."

आत्याबाई त्याच पावली निघून गेल्या असत्या तर... या विचाराने आजही मला बसवत नाही. नातीला मी इतकेच सांगितले, की बाटली खुशाल वापरा. आत्याबाईंना मात्र माझा दंडवत आहे. तो रंग थेट लग्नापर्यंत टिकला. इतकी अस्सल हळद पुढे मी पाहिली नाही.

समक्ष हजर असलेले साक्षीदार: आई, पांडूमामा, चंद्राआत्या आणि रामभाऊ. चौघेही हयात नाहीत. हयात साक्षीदार एकच, श्रीमती हिराबाई, वय वर्षे चौऱ्याण्णव, राहणार बदलापूर.

तिला सर्व मजकूर फोनवरून वाचून दाखविला. तिने एक दुरुस्ती सांगितली, ती नोंदवीत आहे... रंग तिसऱ्याच दिवशी उतरला होता. पुढे लग्नापर्यंत ती स्वतःच रोज सकाळी चिमूटभर हळद लावीत होती.