धामणीच्या धनुष्याची चीर

निघोज्यात मी ज्या कारखान्यात काम करतो, तिथे मशीन परदेशी पाठवायची लाकडी खोकी बनतात. फळी तडकली तर आम्ही फेकत नाही. चिरेत भुसा आणि गोंद दाबायचा, पॉलिश पेपरने घासायचं, वरून रंग. यात माझा हात धरणारा कोणी नाही. मालक म्हणतात, "झाकली मूठ सव्वा लाखाची, राव!" खोकं जागेवर बसून असतं, त्यामुळे कधी तक्रार आली नाही.

लेकीसाठी धामणीच्या लाकडाचं धनुष्य मीच तासून केलं होतं. जिल्ह्याच्या तिरंदाजी निवडीच्या आदल्या दिवशी मुठीच्या जरा वर बोटभर चीर दिसली. तिच्याकडे दुसरं धनुष्य नव्हतं. खरी दुरुस्ती मला येत होती. पातळ गोंद चिरेत खोल उतरवायचा, दोन दिवस शिकंज्यात आवळून ठेवायचं, मग वरून दोरा गुंडाळायचा. पण दोन दिवस आणू कुठून? तिचं रडवेलं तोंड बघून माझं डोकंच फिरलं, आणि मी खोक्याचा इलाज धनुष्याला केला. तासाभरात चीर गायब.

"पप्पा, कळतसुद्धा नाही!" ती म्हणाली, आणि मी चक्क मिशीवर ताव दिला.

दुसऱ्या दिवशी मोशीच्या मैदानावर ती रांगेत उभी राहिली तेव्हा मात्र माझी नजर त्या चिरेवरून हलेना. खोकं वाकत नाही. धनुष्य प्रत्येक बाणाला वाकतं, आणि मोडलं तर तुकडा थेट तोंडावर येतो. पहिला बाण सुटला. दुसरा सुटला. मी दोनदा ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. चारचौघांत काय सांगणार होतो, बापानेच भुसा भरलाय म्हणून? लाज वाटली मला, दुसरं काही नाही.

तिसऱ्या बाणाला तिने दोरी गालापर्यंत ओढली आणि बारीक 'टिक' झालं. लाकडात जन्म गेलाय, तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

"सोडू नकोस! दोरी सावकाश पुढे आण!" मी ओरडत धावलो.

तिने आणली. बाण पायाशी पडला. प्रशिक्षक माझ्यावर भडकले. मी धनुष्य घेतलं आणि चिरेवर नख दाबलं. भुसा गळून पडला.

"अहो, डोळा गेला असता पोरीचा!" ते म्हणाले. तिची निवड तिथेच संपली.

मी तिला गाडीवर चिखलीला घरी आणलं. उतरल्यावर तिने विचारलं, "आतून जुळलं नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलायला तोंडच राहिलं नव्हतं.

मग सगळा भुसा कोरून काढला आणि जे आधीच करायला हवं होतं ते केलं. दोन दिवस शिकंज्यात, वर काळा दोरा. तिसऱ्या दिवशी गच्चीवर धनुष्य तिच्यापुढे धरलं. तिने हात पुढे केला नाही.

"आधी तुम्ही ओढा," ती म्हणाली आणि जिन्याच्या दाराआड जाऊन उभी राहिली.

मी दहा वेळा पूर्ण ओढलं. लाकूड गप्प होतं. दाराकडे बघितलं.

"अजून ओढा, पप्पा."