पाचपेडी वेणी

मी बारामतीच्या एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. भूत, आत्मा असला विषय निघाला की चहाचा कप उचलून बाहेर जाणारी बाई मी. तरीही हे लिहितेय... चार वर्षं झाली, घरात यावर कुणी बोलत नाही.

राहायला आम्ही माळेगाव बुद्रुकला. मिस्टर साखर कारखान्यात फिटर. आमची सई तेव्हा सहा वर्षांची. माझ्या मांडीत गाठ आली आणि रिपोर्टमध्ये सार्कोमा निघाला — डॉक्टरांनीही क्वचितच पाहिलेला कॅन्सरचा प्रकार. पुण्याला केमो सुरू झाली. तिथे शेजारच्या बेडवर सुनंदा भेटली, इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीची. आजार तोच. पदरात दोन मुली. दोघींचेही केस गेलेले. डोक्याचा हिरवा स्कार्फ सारखा करत ती म्हणायची, "ताई, तेल-शाम्पूचं काम सुटलं बघा."

एकदा मी सईच्या आठवणीनं रडले. सासूबाईंच्या बोटांना सांधेवात, त्यांना वेणी घालता यायची नाही. पोर झिपऱ्या घेऊनच शाळेत जायची. सुनंदानं बँडेजच्या पाच पट्ट्या पलंगाच्या दांडीला बांधल्या आणि भराभर विणून दाखवल्या.

"ही पाचपेडी. दिवसभर सुटायची न्हाय. मी येते की माळेगावला, तुमच्या सईला घालून देते."

पुढे तिचा आजार फुप्फुसात गेला. माझ्या ऑपरेशनच्या दोन दिवस आधी तिला आयसीयूत हलवलं.

माझं ऑपरेशन सकाळी झालं. संध्याकाळी मला जरा शुद्ध आली, तेव्हा मिस्टरांनी फोनवर घरून आलेला फोटो दाखवला. "बघ, तुझी लेक कशी नटलीय." पाठमोरी सई... आणि पाठीवर घट्ट पाचपेडी वेणी.

सासूबाईंना वाटलं होतं, शेजारच्या वहिनींनी घातली. पण वहिनी सकाळपासून वरकुट्याला लग्नाला गेलेल्या. मी सईकडे फोन द्यायला लावलं.

"आजी झोपली होती ना दुपारी, तेव्हा एक काकू आली. तिला केसच नव्हते गं आई! हिरवा स्कार्फ होता. म्हणाली, मान हलवू नगं, तुझी आई येणार हाय."

सईनं सुनंदाला कधी पाहिलं नव्हतं. फोटोतही नाही — त्या अवस्थेत आम्ही दोघी फोटो काढूच द्यायचो नाही.

मी नर्सला सुनंदाचं विचारलं. सलाइन बघत ती हळूच म्हणाली, "दुपारी गेल्या त्या."

सहा महिन्यांनी काठी टेकत निरवांगीला गेले. सुनंदाच्या सासूजवळ ओट्यावर बसून सगळं सांगितलं. म्हातारीनं तोंडाला पदर लावला. "लई जीव लावायची ती," एवढंच म्हणाली. मान वर केली तर दारात थोरली मुलगी उभी. दहा वर्षांची असेल. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काकू, आई तुमच्याकडं आली... मग आमच्याकडं का न्हाय आली?"

मी म्हटलं, "अगं, सई लहान आहे. तिला स्वप्न पडलं असेल."

"आन् वेणी?"

"ती घातली असेल शेजारणीनं."

ती "व्हय... तसंच आसंल," म्हणाली आणि आत गेली.

शेजारणीनं घातली नव्हती. कुणी घातली, हे मला आजही माहीत नाही. माझे रिपोर्ट आता क्लिअर येतात, थोडं लंगडत का होईना, मी कामावर जाते. निरवांगी इथून काही फार लांब नाही... पण पुन्हा तिकडं जायची माझी हिंमत झालेली नाही.