जनीच्या नावाची पाटी

वैशाखऱ्याच्या थांब्यावर जनी एसटीसाठी उभी राहत नाही. सगळी माणसं वडाच्या आडोशाला, आणि ही बाई रस्त्याच्या पलीकडे पावसात, डोक्यावर प्लास्टिक घेऊन. एसटी दिसली की धावत रस्ता ओलांडते आणि ड्रायव्हरची बोलणी खाते. वडाखाली एक पाटी आहे आणि पाटीवर जनीचं नाव आहे, म्हणून हा सगळा उद्योग.

झालं असं. शहापूरच्या एका मंडळानं ठरवलं, की मुरबाड-माळशेज रस्त्याला थांब्याथांब्यावर इथल्याच माणसांची डोंगर-पाण्याची गाणी लिहून लावायची. कल्पना चांगली होती. नाहीतर आमच्या थांब्यांवर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाशिवाय वाचायला असतं काय? मंडळाचा भाविक नावाचा पोरगा उन्हाळ्यात गावात आला, तेव्हा लोकांनी त्याला थेट जनीचं घर दाखवलं. आवणीत गाणं उचलावं ते जनीनंच, हे सगळ्यांना ठाऊक.

पण आवणीचं गाणं एकटीचं नसतं. भाताची रोपं लावत बायांची रांग चिखलातून मागं सरकते. एक सवाल टाकते, दुसरी जवाब देते, बाकीच्या तोच पुन्हा म्हणत झेलतात. जनीचा एक सवाल होता:

डोंगराला भरलं हीव गो, कोन देल पांघरून?

त्याला जवाब कमळचा. कमळ तिची शेजारीण, रांगेत कायम तिच्या डाव्या हाताला.

ढगानं दिलं घोंगडं गो, ऊन आल्यावर देऊ परतून.

खरी गंमत जवाबात आहे, हे कुणालाही कळेल. भाविकलाही कळलं. कमळ तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला टोकावड्याला गेली होती. जनीनं दोन्ही ओळी म्हणून दाखवल्या, तशी त्याची फोनवर टिपणारी बोटं थांबली.

"मावशी, हे सगळं तुम्हीच रचलंत?"

"हा," जनी म्हणाली.

खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं, असं मी म्हणणार नाही. होतं. ‘हे तू केलंस का’ असं तिला आजवर विचारलं गेलं ते दूध उतू गेल्यावर, नाहीतर भाकर करपल्यावर. कौतुकानं कुणी विचारलं नव्हतं. तिला तो एक ‘हा’ फार गोड लागला.

पाटी लागली. हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, खाली ‘कवयित्री’ म्हणून जनीचं एकटीचं नाव. कमळ लेकीकडून परतली ती त्याच थांब्यावर उतरली, आणि कमळला चांगलं वाचता येतं. संध्याकाळी ती जनीकडे आली, बारशाचा लाडू दिला, बाळाचं नाव सांगितलं आणि गेली. पाटीबद्दल अवाक्षर नाही. भांडली असती तर जनीला सोसलं असतं. तो लाडू तिनं तसाच फडताळात ठेवून दिला.

कमळच्या शेतात आवणी लागली तेव्हा जनी नेहमीसारखी गेली. कमळ आज रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला होती. जनीनं सवयीनं सवाल टाकला, "डोंगराला भरलं हीव गो..."

जवाब आला नाही. कमळकडून नाही, कुणाकडूनच नाही. रोपं चिखलात जातात त्याचा पचपच आवाज तेवढा. साऱ्या बाया खाली बघून लावत राहिल्या. जनीचे कान तापले. वाटलं, त्याच चिखलात तोंड खुपसावं.

संध्याकाळी ती शेणाचा गोळा घेऊन थांब्यावर गेली. नावावर थापायचा आणि पळायचं, एवढंच ठरवलं होतं. तर तिथं कॉलेजच्या दोन पोरी पाटी वाचत उभ्या. एकीनं तिला ओळखलं.

"मावशी, तुमीच ना गो या? काय भारी लिवलंय."

जनीनं शेणाचा हात पाठीमागं लपवला आणि हसली. घरी येईपर्यंत तिला त्या हसण्याची जेवढी शिसारी आली, तेवढी मूळ खोट्याचीही आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रांग लागली. मग जनीनं खाली मान घालूनच नवा सवाल टाकला. आवाज फाटला होता.

दुसरीचं घोंगडं घेऊन गो, कोन बसली थांब्यावर?

बायांचे हात थांबले. सगळ्यांनी कमळकडे पाहिलं. कमळनं हातातली रोपं संपेपर्यंत लावली, कंबर सरळ केली आणि नेहमीच्या चालीत म्हणाली:

जनीला भरलं व्हतं हीव गो, घोंगडं देल परतून.

रांगेनं जवाब झेलला. रिवाज असा, की जवाब सगळ्यांनी झेलायचा, कुणी सुटत नाही. म्हणून जनीनंही झेलला, आपलंच नाव आपल्या तोंडानं घेत, आणि शेताचा बांध येईपर्यंत तिनं मान वर केली नाही.