सोपटात गुंडाळलेली बॅटरी

माझ्या सायकलच्या सीटखालच्या नळीत एक बॅटरी आहे, हे मी आईला फोनवर सांगायला नको होतं. मला काय ठाऊक, ती ते अख्ख्या गल्लीत सांगेल म्हणून!

सायकल भाच्याची. तो परदेशी गेला आणि जाताना जळगावात मेहरूणला आमच्या दारात ती उभी करून गेला. "मावशी, तलावाभोवती नुसतं चालतेस, आता चालव," म्हणाला. हिचे गिअर तारेवर नाहीत, विजेवर बदलतात. बटण दाबलं की मागे 'चर्र' होतं आणि साखळी इकडची तिकडे. त्याला वीज पुरवते ती ही बॅटरी, लाटण्याच्या मुठीएवढी, सीटच्या नळीत दडलेली. बस, गिअरपुरतीच. सायकल ओढायला पायच लागतात, आणि ते माझे.

पण हे लोकांना पटवणार कोण? जो तो विचारी, "बॅटरीची आहे ना? मग पायडल कशाला मारता?" पहिल्या महिन्यात मी समजावून सांगितलं. दुसऱ्या महिन्यात फक्त डोळे वटारले.

त्या वर्षी मी ठरवलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचं ते सायकलवर. जळगावहून धुळ्याला. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि त्यांना आणायला भाऊ जातो. माझा भाऊ दरवर्षी गाडी घेऊन येतो आणि वाटभर माझं डोकं खातो. या वेळी म्हटलं, नको बाबा तुझी गाडी. आईला हे कळलं मात्र, गुडघ्यांमुळे ओट्याच्या खाली न उतरणारी ती बाई हरखून गेली. "सायकलवर ये. माले देखनं शे," म्हणाली. मग तिने गल्लीत दवंडीच पिटली, बॅटरीसकट. भावाने त्या दवंडीत टाचणी टोचली, "बॅटरीवर येवानं, त्यामा काय मोठं? म्हशीवर बसी येती तर मानलं असतं." गल्ली हसली. आईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. "खरंच का वं, बॅटरीच चालवस का ती?" मला इतका राग आला म्हणून सांगू! तिच्या तोंडचा घास कुणी काढून घ्यावा तसं झालं होतं ते.

निघायच्या दोन दिवस आधी सायकल खडखडायला लागली. खड्डा आला की खुळखुळ, खुळखुळ. नळीत बॅटरी घट्ट धरून ठेवणारी रबरी पकड फाटली होती. नवी मागवली तर आखाजी उलटून जाणार. तेवढ्यात आमचे मोठे दीर केळीच्या मळ्यातून आले. त्यांना सगळे नाना म्हणतात. नानांच्या मते जगातल्या कुठल्याही दुखण्यावर औषध एकच, सोपट. म्हणजे केळीच्या खोडाचं वाळलेलं साल. घड बांधायला सोपट, दार बांधायला सोपट, एकदा तर स्कूटरचा सायलेन्सर त्यांनी सोपटाने बांधला होता. त्यांनी बॅटरी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, भिजवून ओलं केलेलं सोपट तिच्यावर गच्च गुंडाळलं आणि नळीत ठोसलं. "वाळलं की असं आवळतं बघ, बैलाला सुटत नाही!"

मी सायकल आपटून पाहिली. हूं नाही की चूं नाही. मी नानांना वाकून नमस्कार केला.

पहाटेच निघाले. एरंडोलपर्यंत राणीसारखी गेले. बटण दाबावं, चर्र, बटण दाबावं, चर्र. मग ऊन चढलं. खानदेशातलं वैशाखाचं ऊन, काय सांगावं, सावलीसुद्धा सावली शोधते. पारोळा मागे टाकलं आणि उतारावर भरधाव सुटले तर खालून खुळखुळ! पुढे एक खड्डा, टप्प आवाज, आणि बटणं मेली.

एका रसवंतीजवळच्या लिंबाखाली थांबले. पाना काढून सीटची नळी उपसली, सायकल उलटी केली, तर बॅटरी हातात आली आणि मागून भुगा भुगा झालेलं सोपट. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाहेरून बांधलेलं सोपट वाळलं की आवळतं, पण आत ठोसलेलं वाळलं की आकसून सैल पडतं! नाना, नाना, काय केलंत! वायरचं टोक तर फ्रेमच्या पोटात कुठे गेलं, ते दिसेना. उतारावर होते म्हणून गिअर अडकला तोही सगळ्यात जड.

भावाचा फोन आला. "कुठे आहेस? गाडी काढू का?" आवाजात हसू मावत नव्हतं.

हातातल्या बॅटरीकडे पाहिलं आणि एकदम मलाच हसू फुटलं. इतकं की रसवंतीवाला बाहेर येऊन बघायला लागला.

"काढू नकोस," म्हटलं. "आईला ओट्यावर बसव."

बॅटरी खिशात टाकली. पुढचं काय विचारू नका. प्रत्येक चढावर उभी राहून पायडल दाबलं, नानांना शिव्या दिल्या, सगळ्या देवांना हाका मारल्या. धुळ्याच्या अलीकडे फागण्याला मांड्या भरून आल्या. पण उतरले नाही. हट्टाला पेटलेली बाई आहे मी, आईवर गेलेली.

गल्लीत शिरले तर लिंबाला झोके बांधलेले, पोरीबाळी नटलेल्या, आणि ओट्यावर आई. भाऊ कोपऱ्यावर हाताची घडी घालून उभा. "बॅटरी टिकली वाटतं," म्हणाला.

मी सायकल ओट्याला लावली, खिशातून बॅटरी काढली आणि आईच्या हातात ठेवली.

आधी तिला कळलं नाही. मग कळलं. ती भिंतीला धरून उभी राहिली, बॅटरी उंच धरली आणि जिचा आवाज गेली काही वर्षं घरातसुद्धा नीट ऐकू येत नव्हता, ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडली, "हाई देखा! बॅटरी मन्हा हातमा शे! पोर मन्ही तिना पायवर उनी!"

पोर स्वतःच्या पायांवर आली म्हणताच बायका गोळा झाल्या. बॅटरी हातोहात फिरली. भावाने ती वर-खाली पाहिली, सायकल पाहिली, मला पाहिलं आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेला. मी ओट्यावर आईला टेकून बसले आणि ढसाढसा रडले, आनंदाने. आई पदराने माझी मान पुसत राहिली.

परत निघताना आईने गोड सांजोऱ्यांचा मोठा डबा भरला. "हाऊ नानांना. त्यासनं सोपट सुटनं नसतं तर कोनी मानलं असतं?"

डबा दिला तेव्हा नानांनी सगळी हकिगत ऐकून घेतली. पहिली सांजोरी खाल्ली, दुसरी खाल्ली.

"म्हटलं नव्हतं?" म्हणाले, "सोपट कधी दगा देत नाही."