दोन सुतांचा फरक

"आणखी एकदा माप." दिवसातून वीसदा तरी भाऊंच्या तोंडून हे निघायचं. म्हणताना ते एक डोळा मिटून गाडीच्या सांगाड्यावर, म्हणजे चासीवर, वाकायचे.

बल्लारपुरात लाकूड वाहणारे ट्रक दुरुस्त करायच्या कारखान्यात ते मोठे मिस्त्री होते, सगळ्यांचे भाऊ; मी वेल्डर. दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. लष्कराच्या लिलावातल्या एका जीपची चासी त्यांनी मिळवली आणि घरामागच्या मांडवात ठेवली. कारखान्याच्या साहेबाच्या बंगल्यावर एका मासिकात त्यांनी जमिनीलगत धावणाऱ्या, दोनच माणसांच्या गाडीचं चित्र पाहिलं होतं.

"तशी गाडी साहेबाईनंच काऊन चालवावी?" ते म्हणायचे. "बाजूच्या सीटवर तू."

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, जो हौसेलाही नोकरीसारखा राबतो. मागच्या स्प्रिंगपाट्यांचे ब्रॅकेट कुठे बसवायचे, यात त्यांचे दोन महिने गेले. सुतळी ताणायची, ओळंबा सोडायचा, खडूची खूण करायची, पुसायची. "एक बाजू दोन सूत, पाव इंच, मागं गेली तं चाकाईचा आस तिरपा बसते. गाडी खेचते."

शेवटी खूण पक्की झाली. त्या दिवशी माझ्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते, मला घाई होती. डावा ब्रॅकेट जोडला. उजवा जोडताना तो धरून ठेवणारा शिकंजा जरासा सरकला.

"आणखी एकदा माप."

"मापलं, भाऊ." मी मापलं नव्हतं.

त्यांनी डोळा मिटून पाहिलं. "सरळ हाय."

गाडी वरोऱ्याच्या रस्त्यावर काढली तेव्हा ती सारखी डावीकडे ओढत होती. भाऊंनी ती थांबवली, खाली उतरून स्वतः माप घेतलं. बरोबर दोन सूत. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "मले तं सरळ दिसलं होतं. डोळे गेले माहे."

मी मापाची सुतळी गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरी सोडली. "उद्या ट्रकचं चुकन, तं ड्रायव्हर मरन." गाडी भंगारात गेली. ते मूल गावी आपल्या बहिणीकडे राहायला गेले, आणि तिथल्या भातगिरणीत पोती शिवू लागले.

चार वर्षांनी मी मूलला, त्या गिरणीवर गेलो. त्यांनी मला मिठीच मारली, चहा मागवला, माझ्या बहिणीच्या लग्नाचं विचारलं. मग मी सांगून टाकलं.

त्यांनी कप खाली ठेवला.

"चार वर्सं मी डोळ्याईले शिव्या देऊन राह्यलो," ते म्हणाले. "तुले एकदाही यावं वाटलं नाई?"

उठून ते गिरणीत गेले. मी दारासमोर बसून राहिलो. संध्याकाळी गिरणी बंद झाली, कोंड्यानं माखलेली माणसं एकेक करून बाहेर पडली. भाऊ त्यांच्यात नव्हते. पहारेकऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ते तं मागच्या दारानं कवाचेच गेले."