ताईने उचललेलं वजन

माझी ताई शिवणकाम करते. जन्मभर तिने कात्रीपेक्षा जड काही उचललं नाही, असं मी तिला चिडवायचे आणि भाऊजी माझ्या बाजूने हसायचे. मग लकव्याने भाऊजींची उजवी बाजू गेली आणि मी ती थट्टा बंद केली.

त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायचं काम माझा भाचा करायचा. एकदा तो घरी नसताना ताईने एकटीने उचलायला घेतलं आणि दोघंही जमिनीवर आपटली. फार लागलं नाही, पण तेव्हापासून भाऊजींना एकटीने धरायला ती धजत नव्हती. अशात भाच्याला परगावी नोकरी लागली. दोन-तीन महिन्यांत तो जाणार होता. मग उचलणार कोण? आजारी माणसांना ठेवून घेणारी एक संस्था आहे, तिथे छान काळजी घेतात, असं नातेवाईक सांगू लागले. त्यांचं काय जातंय सांगायला! भाऊजींची जीभ जड झाली होती, तरी ते ताईला अगदी स्पष्ट म्हणाले, "मला तिथं नको ठेवूस."

त्यांचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई ताईला म्हणाल्या, "जिमला जा. पाठीने नाही, पायांनी उचलायला शिका."

ताई म्हणाली, "या वयात? काहीतरी मोडून घेईन, मग दोघांना कोण बघेल?" मीच तिला जवळजवळ ओढत नेलं.

जिम तळघरात होती. रबराचा वास, चारी बाजूंनी आरसे. गिऱ्हाइकांना आरशासमोर उभं करण्यात जिचा जन्म गेला, ती ताई आरशाकडे पाठ करून उभी राहिली. कुणी वजन खाली ठेवलं की दचकायची. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीपेक्षाही लहान. तिने आधी ताईला नुसतं स्टुलावर बसायला-उठायला लावलं, मग हातात छोटी वजनं दिली, आणि काही आठवड्यांनी जमिनीवरचा लोखंडी बार दाखवून म्हणाली, "काकू, आता हा."

ताई वाकली. बार गुडघ्यापर्यंत आला, तिचा चेहरा लाल झाला, मग पांढराफटक. बार सोडून ती मटकन खाली बसली. हिलाच काही झालं तर मी भाऊजींना काय सांगणार होते?

"श्वास कोंडून धरता तुम्ही," मुलगी म्हणाली. "उचलताना तोंड उघडा, श्वास सोडा."

पाणी पिऊन, बराच वेळ बसून ताई पुन्हा वाकली. पुन्हा ओठ घट्ट मिटलेले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर हिच्या ओठांत टाचण्या! कापड ताणून धरायचं ते टाचण्या तोंडात असतानाच. श्वास सोडला तर त्या पडणार, आत ओढला तर घशात जाणार. जोर लावायचा म्हणजे तोंड मिटायचं, हे हिच्या हाडीमाशी खिळलेलं. मी ते सांगितलं तेव्हा मुलगी हसली नाही. म्हणाली, "मग उचलताना बोला. काहीही बोला, पण मोठ्याने."

चारचौघांत काय बोलायचं ते ताईला सुचेना. शेवटी तिने बार धरला आणि ओरडली, "खांदा! बाही! कंबर!" बार वर आला. शेजारी धापा टाकणारी बाई म्हणाली, "अहो, माझं माप नका घेऊ हं, पोट आत घेऊ दे आधी." ताई तिथे पहिल्यांदा हसली.

भीती मात्र जागची हलली नाही. बारवर चकत्या चढत गेल्या, आणि घरी येताना ती रोज एकच म्हणायची, "लोखंड पडलं तर नुसता आवाज होतो गं. हे पडले तर?" मी वेळ मारून न्यायचे, कारण मलाही तीच भीती होती.

भाचा गेला त्या सकाळी मी तिच्याकडे गेले. खुर्ची पलंगाला लावून ठेवलेली. भाऊजींनी डोळे गच्च मिटून घेतले होते. "तू मध्ये येऊ नकोस," ताई मला म्हणाली. तिने पाय रोवले, गुडघे वाकवले, त्यांचा चांगला हात स्वतःच्या खांद्यावर घेतला, पाठीमागून त्यांच्या कमरेचा पट्टा धरला आणि सगळा जीव एकवटून उठली.

भाऊजी एका झटक्यात उभे राहिले, इतके पटकन की ताईचाच तोल जाता जाता राहिला. तिने जिममधल्या लोखंडाची तयारी केली होती. अंग पुसताना ती त्यांना रोज बघत होती, पण वजन डोळ्यांना दिसत नाही.

"जमलं की!" भाऊजी डोळे उघडून अडखळत म्हणाले. "बसव आता."

ताईने माझ्याकडे पाहिलं. इतकी घाबरलेली मी तिला त्या तळघरातही पाहिली नव्हती.

"अगं, केवढेसे उरलेत हे," ती म्हणाली. खुर्ची मागेच होती, तरी ती त्यांना खाली ठेवीना.